देवचंदमामांनी तेल बंद केलं

माझे मामा देवचंद बैसाणे यांनी धुळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं माणसांच्या गाठी कापल्या. डॉक्टर नव्हते ते, टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ फॉर्मलिनच्या बरणीतून लॅबला यायची. डॉक्टर मॅडम तिच्यातला हवा तो तुकडा निवडून द्यायच्या आणि तो काचेवर येईपर्यंतचं पुढचं सगळं काम मामांचं. तुकड्यातलं पाणी काढायचं, तो मेणात बसवायचा, मेणाची ती वडी यंत्रावर लावून कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. मग मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहिणार, कॅन्सर आहे की नाही.

त्यांचं मूळ गाव दोंडाईच्याजवळ. आजोबा तिथल्या मिरचीच्या वखारीत पोती उचलायचे. संध्याकाळी ते घरात शिरले की घरातली सगळी शिंकायची, असं माझी आई अजून सांगते. मामा तिच्यापाठचे. बारावी सायन्स झाले, धुळ्याला लॅबचा कोर्स केला आणि तिथेच चिकटले. आमच्या घरातला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला तो पहिला माणूस. हाताला इतका साफ की बाहेरगावचे डॉक्टर फोन करून विचारायचे, "स्लाइड बैसाणेंनीच कापली ना?" मामा हे कधी कोणाला सांगायचे नाहीत. मामी सांगायची.

मी प्रशील, त्यांचा भाचा. जळगावला पीएच.डी. करतो. माझा विषय आहे कॅन्सरच्या पेशींमधली चरबी. हा विषय मला मामांनी दिला असं म्हटलं तरी चालेल. बी.एस्सी.ला असताना मी एकदा त्यांच्या लॅबमध्ये गेलो होतो. त्यांनी एक स्लाइड दाखवली. गुलाबी-जांभळ्या पेशींच्या मधे मोठमोठी पांढरी गोल भोकं होती. मी विचारलं, हे काय?

"चरबी व्हती तठे," मामा म्हणाले. "झायलीनमा टाकं की इरघळी जास. आमी धोई टाकतस. मंग मॅडम नुसती जागा देखीसन वळखतस."

म्हणजे एकतीस वर्षं मामांनी जेवढ्या गाठी कापल्या, त्या सगळ्यांतली चरबी त्यांनी स्वतःच्या हाताने झायलीन या द्रावणात धुऊन काढली होती. कामाची पद्धतच तशी आहे, सगळीकडे तशीच असते. पण त्या भोकांत काय होतं हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

द्रौपदामामी नशिराबादची. धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या एका शाळेत दुपारची खिचडी शिजवायची, अडीचशे मुलांची. बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने, आणि तेलाला हात सैल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती ताटात चुरायची, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतायची आणि ठेच्याबरोबर कालवून खायची. तिच्या शेवभाजीवर बोटभर तर्री असायची. मामा म्हणायचे, "कमी टाक." ती म्हणायची, "तुमी गाठी कापा, चूल्हाजोडे येऊ नका." एवढंच भांडण. त्यांची मुलगी वृषाली जामनेरला दिलेली, तिथल्याच शाळेत शिकवते. देवपूरच्या घरात हे दोघंच.

तीन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला मी धुळ्याला गेलो होतो. मिरवणूक बघून आलो, मामीने मांडे केले होते, जेवण झालं आणि मामांनी नेहमीसारखं विचारलं, "तुन्हा काम कथलग उनं?" माझं काम विचारणारा आमच्या नात्यात तो एकच माणूस होता. बाकीचे विचारायचे ते नोकरी कधी लागणार. त्यामुळे मामांनी विचारलं की मला फार चढायचं.

मी सांगायला लागलो. "पेशीचं आवरण कशाचं असतं मामा? चरबीचंच. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही दुप्पट लागतं. कॅन्सरची पेशी थांबतच नाही, सारखी दुप्पट होत राहते. म्हणून तिला चरबी सारखी पाहिजे. साधी पेशी रक्तातून येईल त्यावर बहुतेक भागवते. ही स्वतः बनवायला लागते, बाहेरून ओढते, साठवून ठेवते."

"मंग तुमी काय करतस?"

"ती बनवणारं जे एन्झाइम आहे ते आम्ही औषधाने बंद करतो. चरबी तोडली की तीन दिवसांत पेशी उपाशी मरते."

हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणालो. मांडीवर थाप मारून म्हणालो. ताटं उचलता उचलता मामी थांबली.

"अशी मरस का ती? मंग लोकेस्ले काबरं देतस नही ते औषध?"

"अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीतच आहे मामी. वेळ लागतो."

 मामांना ते आवडलं होतं. त्यांनी आयुष्यभर मेलेल्या पेशी बघितल्या होत्या. जिवंत पेशी उपाशी मारता येते हे त्यांना नवीन होतं.

जूनमध्ये मामीला लघवीतून रक्त गेलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. उष्णता झाली असेल म्हणून सब्जाचं पाणी पीत राहिली. दुखत काहीच नव्हतं. तीन आठवड्यांनी शाळेत पातेलं उतरवताना तिला चक्कर आली तेव्हा मामा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. सोनोग्राफीत डाव्या किडनीवर गाठ दिसली, मोसंबीएवढी. धुळ्यातच ऑपरेशन झालं, किडनी काढली आणि बरणीत घालून नेहमीच्या लॅबला पाठवली.

मॅडमनी मामांना सांगितलं होतं की तुम्ही रजेवर राहा, ही केस आपण नाशिकला पाठवू. मामा ऐकेनात. त्यांनी स्वतः तो तुकडा मेणात बसवला, स्वतः कापला, स्वतः रंगवला. मॅडमच्या आधी स्वतः बघितला. आणि मला फोन केला.

"प्रशील, पेशी बठ्ठ्या रिकाम्या शेतस रे. पांढऱ्याफक. मधे जाळी, आन आत काहीच नही."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? मामा, तुम्ही घरी जा, मी येतो. एवढंच. मी म्हणालो, "रिकाम्या नाहीत मामा. किडनीच्या या कॅन्सरमध्ये पेशी चरबीने गच्च भरलेल्या असतात. तुम्ही झायलीनमध्ये टाकल्या म्हणून तशा दिसतायत."

मामांनी फोन ठेवला. 

पंधरा दिवसांनी मामा जळगावला आले. एस.टी.तून, पिशवीत एक छोटी बरणी घेऊन. बरणीत मामीच्या गाठीचा उरलेला तुकडा होता. मॅडमना विचारूनच आणला होता. मला म्हणाले, "मी जे धोई टाकं ना, ते माले देखनं शे."

आमच्याकडे तुकडा गोठवून कापायचं यंत्र आहे. मेण नको, झायलीन नको, त्यामुळे चरबी जागच्या जागी राहते. मग चरबीला धरणारा एक लाल रंग घालायचा. मी कोणाला न विचारता ते केलं. काप मामांनीच काढला. यंत्र नवीन होतं, पण दोन-तीन प्रयत्नांत त्यांचा हात बसला. शेजारच्या टेबलावरची आमची मुलं काम थांबवून बघत होती.

मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. प्रत्येक पेशी लाल ठिपक्यांनी ठासून भरली होती. केंद्रक कुठेतरी कोपऱ्यात ढकललेलं.

"इतली?" ते म्हणाले.

नंतर बराच वेळ बघत राहिले. स्लाइड सरकवत सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग डोळे न उचलता विचारलं, "ही येस कथाईन? जेवणमाईन?"

"काही रक्तातून ओढते मामा. काही स्वतः बनवते, साखरेपासूनसुद्धा. आणि ह्या पेशी चरबी जाळायची बंद करतात, म्हणून साचते. शिवाय मी ज्या पेशींवर काम करतो त्या वेगळ्या, ही गाठ..."

तेवढ्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं. माझा एक अहवाल अडला होता. मी "आलोच" म्हणून गेलो आणि पाऊण तासाने परत आलो. मामा टेबल पुसून, काचा धुऊन, हात धुऊन बसले होते. म्हणाले, तीनची बस सापडेल, निघतो. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. पुढचं वाक्य तसंच राहिलं.

घरी पोचल्यावर मामांनी तेलाचा डबा उचलला आणि शेजारच्या लताबाईंना देऊन टाकला. तुपाची बरणी दिली. शेंगदाणे, तीळ, खोबरं, डब्यातली शेव, सगळं दिलं. लताबाईंना वाटलं, हे घर सोडून चालले. मामीला त्यांनी सांगितलं, "आजपाईन तेल बंद." मामीने विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, गाठ मरेपर्यंत.

गाठ तर काढली होती. पण ऑपरेशनआधीच्याच सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले होते. सप्टेंबरपासून जळगावच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून गोळ्या सुरू झाल्या.

मामांनी रजा टाकली, मग आणखी टाकली, मग लॅबमध्ये जाणंच थांबवलं. स्वयंपाक स्वतः करायला लागले. उकडलेला दुधीभोपळा, उकडलेली गिलकी, मुगाचं पाणी, कोरडी भाकरी. दूध तीनदा तापवून तीनदा साय काढायची. ही माणसं लॅबमधली. जे करतील ते मोजूनमापून. वरणाचं पाणी ते थंड होऊ द्यायचे, उजेडात धरून वर तवंग दिसतो का ते बघायचे आणि लॅबमधल्या टिपकागदाने तो उचलून घ्यायचे. मग मामीला वाढायचे. स्वतःही तेच खायचे.

मामी खायची. पहिले काही दिवस चेष्टा करत, मग गप्प. गोळ्यांनी तोंडाला फोड आले, जुलाब लागले, तरी ताटात येईल ते गिळायची. जून महिन्यात ती अठ्ठावन्न किलो होती. दिवाळीला सत्तेचाळीस.

दिवाळीत वृषाली जामनेरहून चिवडा आणि शेव घेऊन आली. मामांनी पिशवी दारातच अडवली. तिथून भांडण झालं ते वृषालीने मला नंतर रडत रडत सांगितलं.

"पप्पा, आईची नुसती हाडं राहिलीत."

"गाठ उपाशी मराले पाहिजे."

"आणि आई?"

"थोडा दिवस शे, वृषा. तुले समजाव नही ते. मी देखेल शे."

खरंच होतं. त्यांनी बघितलं होतं. त्या लाल ठिपक्यांवर त्यांनी तासभर डोळे लावले होते, आणि ते दाखवणारा मी होतो. वृषाली आवाज चढवायला लागली तसं मामीने आतून तिला हाक मारली. जवळ बसवून हळूच म्हणाली, "तेस्ले बोलू नको. तेस्ना हातमा काहीतरी ऱ्हाऊ दे."

म्हणजे मामीला कळत होतं. तेलाने काही होत नाही, बंद करून काही होणार नाही, हे तिला कुणी न शिकवता कळत होतं. नवऱ्याला काहीतरी करायला मिळावं म्हणून ती रोज ते पांचट दुधीचं पाणी पीत होती.

मी नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. इतके दिवस का गेलो नाही याला कारण नाही. फोन करत होतो. मामा म्हणायचे, "बरं शे, चालू शे," आणि मी मानून घ्यायचो.

मामी पलंगावर बसली होती. मी तिला ओळखलं ते आवाजावरून. हाताची कातडी कोपरापासून लोंबत होती. कपाळाच्या बाजूंना खड्डे पडले होते. "ये रे प्रशील, जेवाले बस," म्हणाली. मामांनी वाढलं. मी पहिला घास घेतला. मीठसुद्धा बेताचं होतं. मी मामांकडे बघितलं.

"तेल नाही घातलं?"

"नही. तूच सांगं व्हतं ना," मामा म्हणाले. एखादी गोष्ट एकदा ठरली की माणूस ज्या सहजपणे बोलतो तसे. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. काय काय बंद केलं, साय कशी काढतात, टिपकागद. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले, पुढच्या महिन्यात स्कॅन आहे, ठिपके लहान झालेले दिसतील. मग माझ्याजवळ सरकले आणि विचारलं, "बरोबर करी ऱ्हायनू ना मी?"

मला तेव्हाच सांगायचं होतं. मामा, हे सगळं चूक आहे. मी पेशीच्या आतलं एन्झाइम बंद करायच्या गोष्टी करत होतो, ताटातलं तेल नाही. तेल दिलं नाही तर गाठ भाकरीतल्या पिठापासून चरबी बनवेल, मामीच्या अंगावरची चरबी वितळून रक्तात येतेय ती ओढेल. तिला काहीच कमी पडणार नाही. कमी पडतंय ते मामीला. हे सगळं मला पाठ होतं, मी त्यावर परिसंवादात बोललो होतो. पण मामांचा चेहरा बघितला, आणि मी म्हणालो, "थोडं तेल चालेल मामा."

"थोडं म्हनजे कितलं?"

"ते डॉक्टरांना विचारा."

मामांनी मान हलवली. थोडं तेल त्यांनी दिलं नाही. विचारल्याशिवाय कशाला, असं त्यांना वाटलं असणार. मामी माझ्याकडे बघत होती.  मी उरलेलं जेवण संपवलं आणि संध्याकाळच्या आधी निघालो.

डिसेंबरात ते दोघं जळगावला तपासणीला आले. मी दवाखान्यात गेलो, फाइल हातात धरून मागे उभा राहिलो. स्कॅन बघण्याआधी डॉक्टरांनी मामीला वजनकाट्यावर उभं केलं. काटा एकेचाळीसवर थांबला. डॉक्टरांनी पुन्हा उभं केलं. तरुण होते, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असतील.

"जेवण काय देता यांना?"

मामांनी सांगितलं. इथे ते शुद्ध मराठीत बोलत होते, लॅबमध्ये बोलायचे तसं. तेल पूर्ण बंद आहे सर, तूप बंद, शेंगदाणे बंद, दुधाची साय काढून. डॉक्टर ऐकत गेले तसं त्यांचं पेन थांबलं.

"कशासाठी?"

"पेशींना चरबी मिळू नये म्हणून, सर."

"अहो, पेशंटला हवी होती ती! या गोळ्यांवर माणूस मुळातच खचतो. जेवढं जाईल तेवढं, तेल-तूप घालून द्यायचं असतं. गाठीला तुमच्या फोडणीची गरज नाही. ती पेशंटच्या अंगावरचं काढून घेते, नाहीतर साखरेपासून बनवते. तुम्ही लॅबमधले ना? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी मामांच्या मागेच होतो, हातभर अंतरावर. मामांनी मागे वळून बघितलं नाही.

"मीच वाचलं होतं कुठेतरी," ते म्हणाले.

स्कॅनमध्ये ठिपके मोठे झाले होते. दोन नवे होते, एक यकृतात. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, पण अंगात ताकद आल्याशिवाय सुरू करू नका म्हणाले. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले की आजार तसाही हाताबाहेर चालला होता, त्यांच्या जेवणाने तो वाढला असं समजू नका. फक्त नीट खाल्लं असतं तर हे महिने त्यांना बरे गेले असते. त्यांनी दिलासा म्हणूनच सांगितलं. मी मान हलवली आणि त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं सोबत घेऊन निघालो.

त्या दिवशी मामांनी धुळ्याला उतरल्या उतरल्या तेल घेतलं, शेव घेतली, खोबरं घेतलं. मीही सोबत गेलो होतो. त्यांनी कांदा-खोबरं भाजलं, मसाला वाटला, फोडणीत इतकं तेल घातलं की भाजी दिसेना. मामी भिंतीला टेकून बघत होती. त्यांनी ताट आणलं, भाकरी कुस्करली, एक घास करून तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड उघडलं. आत सगळं सोललेलं होतं. घास जिभेला लागला तसं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी तिने तो गालात धरून ठेवला. गिळता येईना आणि मामांसमोर थुंकवेना.

"तिखट लागस का?" मामांनी विचारलं. "तिखट कमी करू का? धोई देऊ?"

मामीने मान हलवली. शेवटी मी वाटी पुढे केली. तोंड पुसून ती म्हणाली, "कशानीच चव लागत नही आते. तुमी जेवी ल्या दोन्ही जन."

आम्ही कोणी जेवलो नाही. मामा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. 

पुढचा दीड महिना मामांनी काय काय केलं. खिमट, तुपातला शिरा, शेंगदाण्याचं दूध, आणि पुढे नाकात नळी घातली तेव्हा तिच्यातून जाईल असं सगळं बारीक वाटून. वृषाली रजा घेऊन येऊन राहिली. मामीच्या पोटात काही टिकत नव्हतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, वृषाली तिचे केस विंचरत असताना ती गेली. वृषालीला वाटलं डोळा लागला. विंचरतच राहिली.

जलदान विधीला शाळेतल्या स्वयंपाकाच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातली भिकुबाई मोठ्याने म्हणाली, "कितली भरेल बाई व्हती. घरमा खावाले देत नही व्हतात काय?" कोणीतरी तिला गप्प केलं. मामांनी ऐकलं होतं. ते तसेच हात जोडून उभे राहिले. वंदना संपली, लोक पांगले, आणि मी मामांजवळ जाऊन बसलो. मी मनाशी खूप दिवस जुळवलं होतं ते बोललो.

"मामा, हे माझ्यामुळे झालं. मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. आणि नोव्हेंबरात कळलं तेव्हा गप्प बसलो."

 मामांनी विचारलं, "तुन्ह्या त्या ताटलीमधल्या पेशी. तेस्ले खावाले काय घालतस?"

"साखर, क्षार, जीवनसत्त्वं. आणि वासराच्या रक्तातला पातळ भाग, सिरम."

"तेन्हामा चरबी ऱ्हास का?"

 "असते मामा. थोडी असते."

"बंद करतस का तुमी ती?"

"नाही. पूर्ण बंद केली तर प्रयोगाआधीच पेशी जगत नाहीत नीट."

मामांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. लॅबमध्ये एखादी स्लाइड का बिघडली हे कळल्यावर ते जशी हलवायचे तशी हलवली. मग उठले आणि खुर्च्या गोळा करायला गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल एक शब्दही विचारलेला नाही.

लॅबमध्ये ते परत गेले नाहीत. मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या. मामा म्हणाले, हात थरथरतो. तो थरथरत नाही, मी बघितलं आहे. वृषालीने त्यांना जामनेरला नेलं, आठ दिवसांत ते परत आले. तिच्या घरी जेवायला वाढलं की ते ताट समोर घेऊन बसून राहायचे. ते नुसतंच बसणं तिला बघवेना.

माझं संशोधन पुढे सरकलं. आमचं औषध उंदरांवर करून बघण्यासाठी पुण्याला पाठवलं होतं. त्याचा निकाल गेल्या वर्षी आला. ताटलीत तीन दिवसांत मरणाऱ्या पेशी उंदराच्या अंगात मेल्या नाहीत. पहिले दोन आठवडे गाठ थांबली, मग पुन्हा वाढायला लागली. चरबी बनवणं आम्ही बंद केलं होतं, तर तिने ती उंदराच्या रक्तातून ओढायला सुरुवात केली. सर म्हणाले, हाही निष्कर्षच आहे, लिहून टाक. मी लिहिला. प्रबंधात तो एकशे बाराव्या पानावर आहे. ऋणनिर्देशात मामांचं नाव घातलं होतं, छापायला देण्याआधी काढलं. कोणत्या शब्दांत घालायचं ते मला कळलं नाही.

मागच्या महिन्यात मी देवपूरला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. खूप बारीक झालेत. मला बघून आत गेले, चहा ठेवला. आईची तब्येत विचारली, दोंडाईच्याला कोणाचं लग्न आहे ते सांगितलं. मग आम्ही चहा प्यायलो. समोरच्या गल्लीतून पाण्याचा टँकर आला, बायका भांडी घेऊन धावल्या, टँकर गेला. पाचच्या बसने मी जळगावला परत आलो.